विमानाचा कोट

आमच्या सीताबर्डीच्या घरात आजोबांचा एक काळा गरम कोट आहे. त्याला सारे ‘विमानाचा कोट’ म्हणतात.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर जमत आणि टपालाच्या थैल्या बदलून पहाटेपर्यंत माघारी जात. थैल्यांबरोबर उतारूही असत. आजारी भावाला भेटण्यासाठी आजोबा त्यातून कलकत्त्यास गेले. एरवी धोतर-सदऱ्यावर वावरणारा हा माणूस शिंप्याकडून कोट येईपर्यंत दोन दिवस खोळंबला! थंडीचे निमित्त होतेच. खरी धास्ती ही, की साहेबी पोशाखावाचून आपल्याला विमानात कोण चढू देईल? भावाची भेट जेमतेम झाली.

वास्तविक १९३६ सालीच लाहोरास सरला ठकराल यांनी साडी नेसून विमान चालविले होते. आजोबांना ते कोठून ठाऊक असणार?

परवा आई प्रथमच विमानाने निघाली. “काय नेसू रे?” तिने विचारले. मी सरलाबाईंची हकिकत सांगितली. आई हसली. नेहमीची सुती साडी नेसली आणि आत गारठा असतो म्हणून वर आजोबांचा कोट चढविला.