टेकडीच्या पोटातला स्तूप

भंडाऱ्याहून पवनीला जाणारी एस.टी. आमच्या अड्याळला थांबते. बाजारकरी उतरतात, शाळकरी मुले चढतात, आणि धानाच्या बांध्या मागे टाकीत गाडी पुढे निघते. लहानपणी पर्वाच्या दिवशी वैनगंगेच्या स्नानाला आम्ही याच वाटेने जात असू. वडीलधारी मंडळी घाटावर रमत आणि आम्ही मुले जगन्नाथ टेकडीवर धावाधाव करीत असू. त्या टेकडीत काय सापडले होते हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही कुणाला विचारले नाही. पुढे एम.ए.च्या वर्षी नागपूरच्या एका ग्रंथालयात पवनीच्या उत्खननाचा अहवाल हाती आला, तेव्हा उमगले की दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका स्तूपावर आपण लपंडाव खेळलो होतो. आनंद झालाच, पण खरे सांगायचे तर लाजही वाटली.

जगातील थोर इमारतींची नावे सांगा म्हटले, की मुले ताजमहाल सांगतात, इजिप्तचे पिरॅमिड सांगतात. ती सांगावीतच. परंतु थोर वास्तू नेहमी दूर देशीच असते, अशी जी समजूत मनात घर करून बसते, ती काही खरी नव्हे.

पवनीचेच पाहा. गावाच्या तीन बाजूंना मातीचा जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. जगन्नाथ टेकडीत एका मोठ्या स्तूपाचे अवशेष निघाले. त्याचा व्यास सुमारे ४० मीटर, म्हणजे १३० फुटांच्या घरात! सांचीच्या जगप्रसिद्ध मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे १२० फूट आहे. म्हणजे आपला पवनीचा स्तूप घेराने त्याहूनही थोडा मोठाच होता.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या मैदानात एक खुंटी ठोका. तिला ६५ फुटांची दोरी बांधा आणि चुन्याने वर्तुळ काढा. तो पवनीचा स्तूप. मग ६० फुटांच्या दोरीने आतले वर्तुळ काढा, ती सांची. मुलांना त्या रेषेवरून चालू द्या. फळ्यावरचा आकडा जे सांगणार नाही, ते त्यांचे पाय सांगतील.

आता कुणी विचारील, एवढी मोठी वास्तू, तर तिच्या आत काय होते? स्तूप आतून भरीव असतो. त्याच्या आत शिरायचे नसते, त्याला प्रदक्षिणा घालायची असते. त्याच्याभोवती दगडी कठडा असतो. पवनीच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली सापडली. एका खांबावर मुचलिंद नागाचे शिल्प आहे आणि शेजारी त्याचे नावही कोरले आहे. राजांची नावे इतिहासात राहतातच. येथे एकेक दगड देणारी माणसेही राहिली आहेत. आपल्या गावच्या देवळाच्या पायरीवर वर्गणीदाराचे नाव असते ना, तशीच ही रीत.

घुमट बांधण्याची दुसरी तऱ्हा रोम शहरात पाहायला मिळते. तेथील पँथिऑन नावाचे मंदिर इ. स. च्या दुसऱ्या शतकातले. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, म्हणजे आपल्या स्तूपाच्या जवळपासच. पण तो आतून पोकळ आहे, आणि माथ्यावरच्या गोल झरोक्यातून ऊन थेट आत उतरते. एका घुमटाला माणूस बाहेरून फेरी घालतो, दुसऱ्याखाली तो उभा राहतो.

या दोन्ही तऱ्हा आपल्या नागपुरात एकत्र आल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार स्तूप उभा राहिला. १९७८ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याचा व्यास १२० फूट, म्हणजे सांचीएवढाच. रूप सांचीचे, परंतु आतून तो पोकळ! हजारो माणसांनी आत यावे म्हणून जुन्या आकाराला नवे पोट दिले. नवी वास्तू जुनीची नक्कल करीत नाही, तिच्याकडून शिकते, ते असे.

मग पवनीचा स्तूप विस्मृतीत का गेला? उपासक गेले, दगड ढासळले, वर माती चढली. सांचीचेही तेच झाले होते. १८१८ साली एका इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली. त्यानंतर हौशी लोकांनी खणून तिची नासधूसच केली. १९१२ पासून जॉन मार्शल यांनी नीट डागडुजी केली, म्हणून ती आज उभी आहे. पवनीतही काम थांबले नाही; १९९४ साली अमरेंद्र नाथ यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले.

मंडळी, काळापेक्षा मला आपल्या कुदळीची भीती अधिक वाटते. गावाकडेची उंचवट्याची माती शेतात टाकायला बरी, जुनी वीट चुलीला बरी, कोरीव दगड धुणे धुवायला बरा, असे आपण सहज म्हणतो. त्या एका दगडावर कुणाचे तरी नाव असेल, आणि ते पुसले की दुसऱ्यांदा मिळणार नाही. नांगराला मोठ्या आकाराच्या विटा लागल्या, नाणी सापडली, अक्षरांचा दगड निघाला, तर तो जागचा हलवू नका, घासू नका. तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. भूमिगत धनाचा १८७८ सालचा कायदाही हेच सांगतो: दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे.

पुढच्या वेळी पवनीला जाल तेव्हा मुलाला बरोबर घ्या. स्नान उरकले, की दहा मिनिटे जगन्नाथ टेकडीवर चला आणि त्याला तिची हकीकत सांगा. मला जे कुणी सांगितले नाही, ते त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.