ख्रिस्तपुराण आणि पोथीनिष्ठ ख्रिस्ती उपासना

बुलढाणें जिल्ह्यांतील मेहकर व लोणार हीं स्थळें महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहेत. श्रीचक्रधरांचा तेथील वास लीळाचरित्रांत नमूद असून, त्या पंथाची उपासना स्मरणावर व पोथीवर उभी आहे. मूळ लीळाचरित्र धाडींत गेलें तेव्हां अनुयायांनीं तें आठवणींतून पुन्हा सिद्ध केलें, ही परंपरा प्रसिद्धच आहे. पोथी राखणें हीच जेथें सेवा ठरली, असा दुसरा एक मराठी दाखला आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. तो वऱ्हाडांतील नव्हे, गोव्यांतील आहे. महानुभावांचा नव्हे, ख्रिस्ती लोकांचा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ त तेथेंच वारला. त्याचें कार्य मुख्यतः साष्टी प्रांतांत झालें. या प्रांतांतील ख्रिस्ती त्यागाची कथा सांगतांना कुंकळ्ळी येथें १५८३ च्या जुलैंत मारल्या गेलेल्या पांच जेझुइटांचें स्मरण करण्याची रीत आहे, व तें योग्यच आहे. परंतु पुढें गांवच्या गांवकरांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें, हेंही त्याच पानावर लिहिलें पाहिजे. देवळें पाडलीं गेलीं, देशी धर्मग्रंथ जप्त झाले. ज्यांनीं नवा धर्म घेतला त्यांच्या हातची पोथी गेली. यास त्याग म्हणावें कीं लूट, हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. जें स्वेच्छेनें दिलें नाहीं त्याचा नैवेद्य कसा होईल?

स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. साष्टींतील एक ख्रिस्ती झालेला गृहस्थ पाद्रीस विनवितो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण मना केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? आमच्या मतें सबंध ग्रंथाचें बीज येथेंच आहे. ज्यानें पोथी मना केली त्याच्याच पंथाच्या पाद्रीनें ती गेल्याची उणीव लिहून ठेविली, व ती भरून काढण्यासाठीं सुमारें ११,००० ओव्या रचिल्या. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरु आहेत. पहिल्यांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यास कवि कचरत नाहीं. क्रुसावरील बलिदान साष्टीच्या श्रोत्यांनीं ऐकलें तें ओवीच्या चालींत. उसन्या भाषेंत तें त्यांच्या अंतःकरणास कितपत भिडलें असतें, याची आम्हांस शंकाच आहे.

ग्रंथ राशोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ च्या आवृत्त्याही झाल्या. या तिहींपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ त तर लोकांनीं आपली भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम निघाला. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळें. गोवें सोडून कानडा प्रांतीं गेलेल्या कुटुंबांनीं तो घरोघरीं वाचिला व उतरून घेतला. १७८४ त टिपूनें श्रीरंगपट्टणास नेलेल्या ख्रिस्ती बंदिवानांस, जेथें पाद्रीचा आधार नव्हता, याच पुराणानें धीर दिला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. येथें मात्र आम्ही निःशंकपणें त्याग हा शब्द योजूं. एवढी ओवीसंख्या बोरूनें उतरण्यास कोणीं हुकूम केला नव्हता.

जोसेफ सालदान्यांनीं अशींच हस्तलिखितें ताडून १९०७ त मंगळूर येथें ग्रंथ रोमन लिपींत छापिला. लंडनच्या प्राच्यविद्या विद्यालयांतील मार्सडेन संग्रहांत देवनागरी प्रत आहे. तिच्यांत पोर्तुगीज व लॅटिन शब्दांच्या जागीं बहुधा संस्कृत शब्द आढळतात. तिच्याकडे जस्टिन ॲबट यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ त पुण्यास निघाली.

संग्राहकांस एक सूचना. रोमन अक्षरांतील बाड पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नये. आंत ‘अवस्वरु’ हा शब्द व ओव्यांचे आंकडे दिसल्यास आद्यंत पानें उतरून घ्यावीं, आणि परकी शब्द राखिले आहेत कीं संस्कृत घातले आहेत, हें प्रथम पाहावें.