पिवळ्या लेबलावरचा आकडा

नवी मुंबईत वाशीला 'ब्रिट'चा कारखाना आहे. विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ हे त्याचं पूर्ण नाव कोणी सहसा घेत नाही. देशभरच्या रुग्णालयांसाठी किरणोत्सारी औषधं इथून निघतात आणि लांबच्या गावी विमानानं जातात. त्यात चैन काही नाही. मॉलिब्डेनम-99 दर 66 तासांनी निम्मं होतं. त्याला आगगाडीत बसवलं तर मुक्कामी उरेल काय?

या खोक्यांवर कोन खाली करून उभा केलेला चौकोन चिकटवलेला असतो. वरचा अर्धा भाग पिवळा, त्यात तीन पात्यांची काळी खूण. खालचा अर्धा पांढरा, तिथे मालाचं नाव, किरणोत्साराचं माप आणि दोन किंवा तीन उभ्या लाल रेघा. अगदी तळाच्या कोपऱ्यात 7, म्हणजे धोकादायक मालाचा सातवा वर्ग. आणि एका छोट्या चौकटीत आकडा: 0.8 किंवा 2.3, असं काहीतरी. हा 'ट्रान्सपोर्ट इंडेक्स', रोजच्या बोलण्यात नुसता टीआय. खोक्यापासून एक मीटरवर किरणांचा मारा किती, ते तो सांगतो. 1 पर्यंत दोन रेघा, त्यावर तीन. नेहमीच्या वाहतुकीत 10 च्या वर परवानगीच नाही.

हे 10 आले कुठून? एखाद्या डॉक्टरानं माणसाच्या रक्तपेशी मोजून ठरवले असतील असं वाटतं. ठरवले फिल्मसाठी.

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेत रेडियम टपालानं आणि आगगाडीनं फिरत असे. त्याच डब्यांतून न धुतलेल्या फिल्मही जात आणि त्या धुरकट होत. तक्रार करणारा पक्ष, म्हणजे फिल्म बनवणारे, तगडा होता. फिल्म तर फारच हळवी: 1945 साली न्यू मेक्सिकोत पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तिची धूळ दूरच्या इंडियानातल्या एका पुठ्ठा गिरणीत उतरली, आणि त्या पुठ्ठ्यात बांधलेल्या कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर डाग उमटले. बॉम्बची बातमी गुप्त, डाग उघड.

पुढच्याच वर्षी, 2 ऑगस्ट 1946 ला, ओक रिजच्या अणुभट्टीतून कार्बन-14 ची पहिली कुपी सेंट लुईसच्या कर्करोग रुग्णालयाकडे रवाना झाली. आता असा माल रोज निघणार हे दिसत होतं. एमआयटीचे रॉब्ली इव्हान्स हे रेडियमचे जुने जाणकार. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीनं वाहतुकीचा हिशेब मांडला. फिल्मची पेटी आणि किरणोत्सारी खोकं यांच्यात 15 फूट अंतर धरा, सोबतीचा प्रवास 24 तासांचा धरा. खोक्यापासून एक मीटरवर तासाला 10 मिलिरॉन्टजेन (किरणांच्या माऱ्याचं तेव्हाचं एकक) असतील, तर 15 फुटांवर ते अर्ध्या मिलिरॉन्टजेनच्याही जरा खाली येतात. 24 तासांत एकूण साडेअकरा. एवढं फिल्म सोसते. झाले 10 कायम. एका डब्यातल्या सगळ्या खोक्यांची बेरीज 40 पर्यंत.

त्या काळी कामगाराला दिवसाला 100 मिलिरॉन्टजेन चालतात असं मानत. म्हणजे एका प्रवासात फिल्मला जेवढं सोसायला लावायचं, त्याच्या आठ-नऊ पट माणसाला एका दिवसात! हमालाचा विचार अगदीच झाला नाही असं नाही. तो पार्सल अंगाशी धरून दिवसात अर्धा तास वागवील असं धरलं, आणि 100 ला अर्ध्या तासानं भागून खोक्याच्या पृष्ठभागावर तासाला 200 ही मर्यादा ठेवली. बरोबर त्याच्या वाट्याचे 100. पुढे माणसाच्या मर्यादा कितीतरी खाली आल्या, तरी आकडे तसेच टिकले, कारण फिल्मच्या हट्टापायी एक मर्यादा आधीच कडक झाली होती. व्यापाऱ्याच्या तक्रारीनं हमालाचं भलं झालं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गमतीचं वाटतं.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं 1961 साली आपले पहिले वाहतूक-नियम काढले. विमानाचे, बोटीचे आणि आपल्याकडचे अणुऊर्जा नियामक परिषदेचेही नियम याच मुळावर उभे आहेत. रॉन्टजेन जाऊन सीव्हर्ट आले तेव्हा मोजलेल्या मिलिसीव्हर्टला 100 नं गुणायचं ठरलं. एरवी त्या शंभराला काही अर्थ नाही, लेबलावरचा जुना आकडा हलू नये एवढंच. हे आकडे बेरजेसाठीच असतात: प्रवासी विमानात सगळ्या खोक्यांचे मिळून 50, मालवाहू विमानात 200. बोटीच्या नियमांत तर टपालाच्या थैलीत न धुतलेली फिल्म आहे असंच धरून ती दूर ठेवायला सांगितलं आहे.

पण हा आकडा सुरळीत प्रवासाचा. विमान कोसळलं, बोट बुडाली, तर तो मुका. तिथे भिस्त पेटीच्या बांधणीवर. जास्त किरणोत्सारी मालाची 'बी' प्रकारची पेटी नऊ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर आपटतात, 800 अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात. 1984 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ 'माँ लुई' ही फ्रेंच बोट प्रवासी फेरीबोटीशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यावर युरेनियम हेक्झाफ्लोराइडची 30 भरलेली नळकांडी होती. सगळी वर काढली.

विमानाच्या वेगाला मात्र नऊ मीटर म्हणजे काहीच नाही. प्लुटोनियम हवेतून न्यायचं तर पेटी विमान-अपघातातून वाचते हे आधी दाखवा, असं अमेरिकी संसदेनं 1975 मध्येच बजावलं. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी 'सी' प्रकारची पेटी 1996 साली आली: सेकंदाला 90 मीटर वेगानं धडक आणि तासभर आग. जपानला आपलं प्लुटोनियम फ्रान्सहून आणायचं होतं, पण अशा पेटीसाठी थांबायला तो देश तयार नव्हता; त्यानं समुद्राची वाट धरली. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये 'आकात्सुकी मारू' ही बोट फ्रान्समधल्या शेरबुर्गहून टनाहून अधिक प्लुटोनियम घेऊन निघाली आणि वाटेवरच्या देशांच्या निषेधांना वळसा घालत जानेवारीत जपानला पोचली. त्याच 1993 च्या अखेरीस अशा बोटींसाठी वेगळी संहिता झाली, आधी ऐच्छिक, 2001 पासून सक्तीची.