घराबाहेरची रोषणाई आणि विजेचा धोका

बारामती, इंदापूर - दसरा आटोपताच बारामतीच्या बाजारपेठेत आकाशकंदील आणि विजेच्या माळा दुकानांबाहेर लटकू लागतात. इंदापूर, भिगवण, वालचंदनगर येथेही तीच लगबग असते. याच सुमारास परतीचा पाऊस अधूनमधून हजेरी लावून जातो आणि साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाचीही तयारी सुरू झालेली असते. वरकरणी या दोन्ही गोष्टींचा सणाशी संबंध नाही. घराबाहेरच्या रोषणाईशी मात्र तो निश्चित आहे.

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. अंग ओले असताना शरीराचा विद्युतरोध साधारण एक हजार ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू शकतो. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. म्हणजे जिवावर बेतण्यासाठी जो प्रवाह पुरतो, तो एका साध्या बल्बला लागणाऱ्या प्रवाहाहूनही कमी असू शकतो.

लोखंडात उतरणारी वीज

या भागातील घरांभोवती लोखंड पुष्कळ असते. फाटक, जिन्याचा कठडा, खिडक्यांचे गज, अंगणातील पत्र्याची शेड, कपडे वाळत घालण्याची तार अशा सोयीच्या ठिकाणी माळा गुंडाळल्या जातात. गेल्या वर्षीच्या माळेचे वेष्टन एखाद्या ठिकाणी उंदराने कुरतडलेले किंवा उन्हाने तडकलेले असते. उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली की सगळा पत्रा वीजप्रवाहित होतो. माळ मात्र बिनतक्रार उजळत राहते, त्यामुळे कोणालाही शंका येत नाही. सकाळी अनवाणी पायांनी सडा घालणाऱ्या किंवा ओले कपडे तारेवर टाकणाऱ्या व्यक्तीला त्याची पहिली जाणीव होते.

अशा वेळी ‘बटण पडेल’ हा समज खोटा ठरतो. घरातील एमसीबी हे उपकरण वायर तापून आग लागू नये यासाठी असते. सहा अँपिअरच्या एमसीबीला पडण्यासाठी सहा हजार मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, म्हणजे धोक्याच्या मर्यादेच्या दोनशे पट. माणसाचा जीव वाचविण्याचे काम आरसीसीबी (जुन्या वायरमनच्या भाषेत ईएलसीबी) करते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो किंवा नाही, हे ते सतत पाहते. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आत अथवा पोहोचताच ते सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. खरेदी करताना ‘३० मिलिअँपिअर’ हा आकडा पाहूनच घ्यावे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची उपकरणे आगीपासून संरक्षणासाठी असतात. त्यावरील ‘टेस्ट’चे बटण दाबून पाहावे. दाबल्यावर पुरवठा खंडित झाला नाही, तर ते उपकरण भिंतीवरची केवळ शोभा आहे.

सणाचा खर्च ठरविताना कंदिलाच्या आकाराची चर्चा घरोघर होते, या उपकरणाची क्वचितच. खरे तर एकदा बसविले की ते वर्षभर उपयोगी पडते.

अर्थिंगची बाब या दोन तालुक्यांत अधिक महत्त्वाची आहे. बारामती आणि इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश असून माती कोरडी पडली की तिची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते. काळ्या जमिनीला भेगा पडून अर्थिंगची पट्टी किंवा नळी मातीपासून सुटूही शकते. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत निरर्थक नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी काम करते. परंतु तेथे ते माणसाला झटका बसू लागल्यावर पडते. अर्थिंग असलेल्या पत्र्यात वीज उतरली, तर कोणी स्पर्श करण्यापूर्वीच पुरवठा बंद होतो.

बांबू, गुढी आणि उसाची ट्रॉली

दुसरा धोका डोक्यावरचा. आकाशकंदील उंच दिसावा म्हणून गच्चीवर लांब बांबू उभा केला जातो. गुढीपाडव्याला उभारल्या जाणाऱ्या गुढीच्या टोकावर धातूचा तांब्या असतो. कोरडा बांबू विजेचा वाहक नसला, तरी ओला बांबू वाहक ठरतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार लघुदाब वाहिनी इमारतीपासून आडव्या दिशेने किमान १.२ मीटर, तर छतापासून २.५ मीटर उंच असली पाहिजे. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी छतापासूनचे हे अंतर ३.७ मीटर आहे. प्रत्यक्षात घरावर मजला चढतो, वाहिनी मात्र जागच्या जागी राहते. म्हणून बांबू आडवा झाला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही, एवढे अंतर सोडूनच तो उभारावा. ॲल्युमिनिअमची शिडी अशा ठिकाणी वापरूच नये.

रस्त्यावर आडव्या माळा बांधताना उसाच्या वाहनांचा विचार करावा लागतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांवर ऊस बराच वरपर्यंत रचलेला असतो. खाली आलेली माळ त्यात अडकली, तर ती तुटून रस्त्यावर पडते आणि कमानीचे खांबही ओढून नेते. वीज मंडळाच्या वाहिनीने रस्ता ओलांडताना लघुदाबासाठीसुद्धा ५.८ मीटर उंची राखावी लागते; सजावटीच्या माळेला त्याहून कमी उंचीची मुभा मिळण्याचे कारण नाही. रस्ता मोकळा ठेवून केवळ कडेने रोषणाई करणे अधिक शहाणपणाचे.

हाच नियम आषाढी वारीच्या काळातही लागू पडतो. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते आणि वाटेत ठिकठिकाणी स्वागत कमानी उभ्या राहतात. पावसाचे दिवस, लोखंडी पाइप आणि अनवाणी चालणारे वारकरी हे सारे तेथे एकत्र येते.

माळ निवडताना

कमी व्होल्टवर चालणाऱ्या आणि ॲडॉप्टर असलेल्या एलईडी माळा घराबाहेर सर्वांत सुरक्षित. ॲडॉप्टर मात्र घराच्या आत, कोरड्या जागी ठेवावा. वेष्टनावर ‘आयपी ४४’ असेल तर शिंतोड्यांपासून, ‘आयपी ६५’ असेल तर पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण मिळते. असा कोणताही उल्लेख नसलेली माळ घरातच लावावी. कागदी कंदिलात जुना तापणारा बल्ब नको. वायरचे जोड टेप गुंडाळून उघड्यावर सोडू नयेत, एका माळेला दुसरी जोडत जाऊ नये आणि पावसाची सर आली तर आधी आतले बटण बंद करावे, मगच माळेला हात लावावा.

मंडळांसाठी महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी मिळते. तरीही वाहिनीवर आकडा टाकण्याचे प्रकार घडतात. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ नुसार ती वीजचोरी आहेच, शिवाय अशा जोडणीत आरसीसीबी नसते, फ्यूज नसतो. बिघाड झाला तर तोडणारे काहीच नसते. मंडपातील जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावी. महावितरणचा खांब सजावटीसाठी वापरू नये.

कोणाला शॉक बसल्यास त्याला ओढण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीनेच त्याला वायरपासून दूर करावे. तुटून पडलेली तार उच्चदाबाची असेल तर काठीही उपयोगाची नाही, तेथे लांबच थांबावे. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेल्या तारेची खबर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर देता येते.

अनेक घरांत कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवला जातो. त्यानंतर माळा उतरवून, पुसून, सैल वेटोळे करून डब्यात ठेवाव्यात. उन्हात टांगलेल्या राहिलेल्या माळेचे वेष्टन कडक होते आणि पुढच्या दिवाळीत पहिल्याच वळणावर तडकते.