काठी : मोजणीची आणि येसकराची

शब्दाचे मूळ शोधणे हा केवळ भाषापंडितांचा उद्योग नव्हे. ज्यांच्या हाती लेखणी दिली गेली नाही, त्यांचा इतिहास पुष्कळदा रोजच्या शब्दांत पुरलेला असतो. 'काठी' हा असाच एक शब्द.

संस्कृत 'काष्ठ', प्राकृत 'कट्ठ' आणि त्यावरून मराठी 'काठी'. मूळ अर्थ लाकूड, इतकाच. परंतु सारा बसवायचा तर जमीन मोजली पाहिजे आणि मोजायला ठराविक लांबीचे लाकूड हवे. शिवकालीन माप सभासदाच्या बखरीत नोंदले आहे. पाच हात व पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. पुढे साधनाचेच नाव क्षेत्राला मिळाले : 20 चौरस काठ्या म्हणजे पांड, 20 पांड म्हणजे बिघा. बिहारातील 'कट्ठा' आणि बंगालातील 'काठा' ही याच शब्दाची भावंडे.

हात आणि मूठ, म्हणजे माणसाचे शरीर हेच माप. पण गावगाड्यात सगळ्यांचे हात सारखे नव्हते. काही हातांचा स्पर्शच विटाळ होता.

त्या हातांतही एक काठी होती. वेशीवर राखण करणाऱ्या येसकर महाराची ही घुंगरांची काठी. सरकारी निरोप पोचवणे, साऱ्याची रक्कम ठाण्यावर नेणे, पाहुण्या अंमलदाराची सरबराई करणे ही कामे तिच्याबरोबर येत. शिवेचा तंटा उपजला की महाराची साक्ष मोलाची मानीत. गावाची शीव कोठून कोठे जाते हे त्याला ठाऊक. त्या शिवेच्या आत त्याच्या वाट्याला मात्र वतनाचा तुकडा आणि दारोदार मागायची भाकर. एक काठी जमीन कोणाची ते ठरवी, दुसरी राबायचे कोणी ते ठरवी.

इंग्रजी अमलात पहिली काठी गेली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1830 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. पुढे 33 फुटांची, 16 आण्यांची साखळी रूढ झाली. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. माप बदलले, येसकराची काठी बदलली नाही. 1874 च्या वतन कायद्याने तिला उलट कायद्याचे बळ मिळाले.

हे वतन म्हणजे मालकी नसून गुलामी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतन सुधारणेचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. त्यात जमीन किंमत भरून परत देण्याची तरतूद होती, पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता वा वाटता येऊ नये, अशी अटही होती. भूमिहीनांचा प्रश्न उरलाच. म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह उभारावे लागले.

आपल्या पूर्वजांनी घुंगरांची काठी टाकून दिली, ही लहान क्रांती नव्हे. मोजणीची काठी मात्र आपल्या हाती अद्याप आलेली नाही. सातबाऱ्यावरचे गुंठे वाचताना विद्यार्थ्याने एवढे विचारावे : हे माप कोणाच्या हाताचे, आणि आपला हात त्यात कधी धरला गेला?