वालधुनीच्या काठाने: मंदिर, छावणी आणि खाडी

१/
कात्रप-बदलापूरकडून निघून अर्ध्या दिवसात पुरी होणारी ही पदयात्रा. वाटाड्या लागत नाही. वाट दाखवते ती वालधुनी नदी. काठाने सलग रस्ता नाही, म्हणून एकेक पूल गाठत नदीच्या प्रवाहाबरोबर चालायचे.

२/
बदलापूरहून लोकलने अंबरनाथ. स्थानकाच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी शिवमंदिर उभे आहे. त्यातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ असून शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. मंदिर भूमिज शैलीचे. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली असल्याने देवदर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात.

३/
मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे पाहून झाली की पाठीमागचा प्रवाहही पाहावा. स्नान, पूजा, बांधकाम या साऱ्यांसाठी पाणी हवे. म्हणून देवालये नदीकाठी उभी राहत. मंदिराच्या इतिहासातून वालधुनी वगळता येत नाही.

४/
पुढचा टप्पा उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. १ ते ५ क्रमांकांचे ‘कॅम्प’ आजही पत्त्यांत टिकून आहेत.

५/
शहराला नाव मिळाले उल्हास नदीचे. शहराच्या मधून वाहते ती वालधुनी. कारखाने वाढले, सांडपाणी वाढले आणि लोकांच्या बोलण्यात नदीचा ‘नाला’ झाला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तिने आपले पात्र परत मागितले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात रासायनिक कचरा ओतला गेला. त्यातून उठलेल्या विषारी वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले.

६/
विठ्ठलवाडी ओलांडली की कल्याण. येथे वालधुनी उल्हासला मिळते. याच खाडीमुळे कल्याण प्राचीन बंदर झाले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि खाडीकाठच्या दुर्गाडीच्या परिसरात मराठी आरमाराची पहिली जहाजे आकाराला येऊ लागली.

७/
मंदिर, छावणी, बंदर: तीन काळ, पण एकाच पाण्याने जोडलेले. चालताना प्रत्येक पुलावर थांबून तेथील माणसांना खालच्या प्रवाहाचे नाव विचारावे. किती जण ‘वालधुनी’ म्हणतात आणि किती जण ‘नाला’, याची नोंद ठेवावी. नाला बुजवता येतो, वळवता येतो. नदीचा मात्र काठ राखावा लागतो. मंदिराच्या शिलालेखाची तारीख आपण जपली आहे. तो ज्या काठावर कोरला गेला, त्या नदीचे नाव जपणे अजून बाकी आहे.