हॉटेल विभागप्रमुखांची अर्थसाक्षरता

हॉटेलचा व्यवस्थापक, मुख्य शेफ, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंगचे प्रमुख यांना आपल्या विभागाचा जमाखर्च वाचता येणे, गळती ओळखता येणे आणि त्यावरून निर्णय घेता येणे, ही त्यांची अर्थसाक्षरता. हिशेब लिहिते अकाउंट्स खाते. पण तो घडतो भटारखान्यात, काउंटरवर आणि चादरी-टॉवेलांच्या कपाटापाशी.

विभागवार हिशेबाची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हॉटेलचालकांच्या संघटनेने 1926 मध्ये हॉटेलांसाठी एकसमान हिशेबपद्धती प्रसिद्ध केली. खोल्या आणि खानपान यांचे उत्पन्न-खर्च त्यात वेगळे मांडले जातात. वीज, देखभाल, जाहिरात हे सामाईक खर्च नंतर वजा होतात. त्यामुळे कोणत्या प्रमुखाने कशाचा जाब द्यायचा, हे स्पष्ट होते.

स्वयंपाकघरातला मुख्य आकडा म्हणजे फूड कॉस्ट. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, त्यातून अखेरचा साठा वजा. उरेल तो वापर, आणि विक्रीशी त्याची टक्केवारी काढायची. सावजी मटणाचे उदाहरण घ्या. रोज 100 प्लेट जातात आणि वाढताना प्रत्येक प्लेटमध्ये 20 ग्रॅम मटण जास्त पडते, असे समजू. दिवसाला 2 किलो झाले. किलोला 800 रुपये धरले, तर 30 दिवसांत 48,000 रुपये रश्श्यातून निघून जातात. टेबलावरचा कोणीही तक्रार करत नाही, म्हणून हा तोटा तराजूशिवाय दिसत नाही.

खोल्यांचे गणित वेगळे. 100 खोल्यांपैकी 70 खोल्या 3,000 रुपयांनी गेल्या तर 2,10,000 रुपये येतात. 80 खोल्या 2,500 रुपयांनी गेल्या तर 2,00,000. हॉटेल जास्त भरलेले दिसते आणि गल्ला कमी भरतो, शिवाय दहा खोल्यांची धुलाई-सफाई वाढते. म्हणून दर उपलब्ध खोलीमागचे उत्पन्न, म्हणजे ‘रेव्हपार’, पाहतात: पहिल्या उदाहरणात 2,100, दुसऱ्यात 2,000.

कराचे ज्ञानही काउंटरवर लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. 7,500 च्या खोलीचे पाहुणा 7,875 रुपये देतो. भाडे 7,600 केले की 8,968. भाडे शंभराने वाढले, बिल 1,093 रुपयांनी. 5 टक्क्यांच्या टप्प्यात खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे नव्या चादरींवरचा करही खर्चातच धरावा लागतो.

खोल्यांची मागणीही वर्षभर एकसारखी नसते. नागपूर परिसराचे उदाहरण घ्या. डिसेंबरचे विधिमंडळ अधिवेशन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, पेंच-ताडोब्याचे पर्यटक यांमुळे ती वाढते. आणि पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र बंद. खापरखेड्यात महानिर्मितीचे 1,340 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा वीजकेंद्राच्या गावात संचाची मोठी दुरुस्ती निघाली की बाहेरची कामगार मंडळी मुक्कामाला येतात. खोल्या भरतात, डबे वाढतात, पण कंत्राटदाराचे बिल उधारीवर असेल तर विक्री वहीत आणि पैसा बाहेर राहतो. किराणावाला, गॅस आणि पगार मात्र थांबत नाहीत. नफा आणि हातातली रोकड यांतला हा फरक लॉजच्या व्यवस्थापकाला सर्वांत आधी शिकवायला हवा.

शिकवण्याची उत्तम जागा म्हणजे सकाळची बैठक: कालची विक्री, कालचा वापर, येणे बाकी. महिनाअखेरची साठामोजणी शेफने स्वतः कोठारात उभे राहून करावी, अकाउंट्सच्या माणसावर सोपवू नये.